कांजिण्यांनी मला बसवलं

जुन्नरच्या डॉक्टरांनी माझी बाही वर केली, पाण्याने भरलेले फोड पाहिले आणि म्हणाले, "व्हॅरिसेला. म्हणजे आपल्या कांजिण्या. मोठेपणी जरा जास्त त्रास देतात, पण बऱ्या होतात."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "घरात कोणी गरोदर आहे?"

माझी धाकटी जाऊ सुनंदा सहाव्या महिन्यात होती. आधी दोनदा तिचं पोट पडलं होतं. लहानपणी तिला कांजिण्या आल्या होत्या का, हे सांगायला तिची आई राहिली नव्हती.

"कालच आम्ही एका ताटात जेवलो," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

"आजवरचं आपल्या हातात नाही," डॉक्टर म्हणाले. "आजपासूनचं आहे. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत तुम्ही वेगळ्या खोलीत. तिला तिच्या डॉक्टरांना आजच दाखवा. मग वाट पाहायची."

लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंतच्या काळाला ते इन्क्युबेशन पीरियड म्हणाले. तो दोन-तीन आठवड्यांचा असतो.

पिंपळवंडीत आमचं घर मळ्यात. अंगणापलीकडच्या बियाण्यांच्या खोलीतली पोती ह्यांनी हलवली, खाट टाकली आणि त्याच दिवशी सुनंदाला तिच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. ह्यांना लहानपणीच कांजिण्या येऊन गेल्या होत्या, म्हणून माझं जेवणखाण ह्यांच्याकडे आलं.

अंगाची आग होत होती, टाळूलासुद्धा फोड होते. तरी मी खिडकीतून हुकूम सोडतच होते. गाईंना पाणी दाखवलं का? डाळ चढवली का? टोमॅटोचे क्रेट कुठे ठेवले? शेवटी सुनंदा अंगणाच्या पार त्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आक्का, समदं व्हतंय! तुमी गप पडा बरं!"

मला राग आला. खिडकीकडे पाठ करून पडले, ती दुपार कलल्यावरच जागी झाले. गाई सावलीत रवंथ करत होत्या. माझ्यावाचून काहीही अडलं नव्हतं.

त्यानंतर मी निवले. कॅलामाइन, म्हणजे खाज शमवणारं गुलाबी औषध, कापसाने एकेका फोडावर लावायचं. घाई केली की फोड फुटायचा. दिवसभरात एवढंच काम, तेही सावकाश. एरवी सगळ्यांना वाढून उरलेलं उभ्या उभ्या संपवणारी मी, आता ताज्या भाकरीचा पापुद्रा सोडवून त्याखालची वाफ बघत बसायची.

संध्याकाळी हे उंबऱ्यावर येऊन टेकायचे. मुलखाचा अबोल माणूस. एकदा म्हणाले, "लई वर्सांनी तू बसल्याली दिसली. मला वाटायचं, तुला बसायला आवडतच न्हाई."

मग आम्ही बोलू लागलो. कशावरही.

रोज सकाळी सुनंदा लांबूनच दोन्ही हात वर करून दाखवायची. "काय न्हाई, आक्का!" एका सकाळी ती आलीच नाही. हे म्हणाले, रात्रीपासून अंग तापलंय.

पूर्वीची मी असते तर धावत सुटले असते. मी दाराला आतून कडी घातली. तिच्यासाठी करता येण्यासारखं तेवढंच होतं. खाटेवर बसले, लांब श्वास घेत राहिले. हे तिला मोटारसायकलवर दवाखान्यात घेऊन गेले. परत आल्यावर त्यांनी बाहेरूनच ओरडून सांगितलं, "साधी सर्दी हाय!"

माझ्या खपल्या धरल्या, गळल्या. कडुलिंबाच्या पाण्याने न्हाऊन मी घरात आले. सुनंदाची तीन आठवड्यांची मुदतही पुरळाविना सरली.

मोठेपणी कांजिण्या निघाल्या तर दम लागताच डॉक्टर गाठा आणि गरोदर बाईपासून लांब राहा. बाकी, खाट मिळालीच आहे तर पाठ टेका. घर चालतं.

सुनंदाला मुलगी झाली. दवाखान्यात मायलेकी गाढ झोपल्या होत्या. घडी घालायला कपडे होते, डबे विसळायचे होते. मी तिच्या पायाशी नुसती बसून राहिले.