टायपिस्टबाईंची नावांची वही

टायपिस्टबाई शाळेच्या कचेरीत होत्या, तेव्हा त्यांच्या हातून निघालेल्या दाखल्यावर खाडाखोड कधी कोणी पाहिली नाही. एक अक्षर चुकलं तरी त्या अख्खा कागद काढून नवा घालत. निवृत्तीनंतर ही बाई काय करील, असं कोणी विचारलं असतं तर आम्ही शिक्षकांनी शिवणकाम, भरतकाम, नाहीतर शेजारणींच्या कामात चुका काढणं, असं काहीतरी सांगितलं असतं. इंटरनेटवरच्या नावांचा व्यापार कोणाच्या स्वप्नातही आला नसता.

त्याची सुरुवात शाळेतच झाली होती. शाळेची वेबसाइट काढायचं ठरलं आणि अर्ज भरायचं काम अर्थातच बाईंकडे आलं. तेव्हा कळलं की शाळेला हवं असलेलं नाव कुणीतरी तीन वर्षांपूर्वीच घेऊन ठेवलं आहे, आणि तो माणूस ते विकायला तयार आहे. हेडमास्तर संतापले. बाईंना मात्र कुतूहल वाटलं. नाव कुणाचं कसं होतं, किती दिवस राहतं, सुटतं कधी, हे सगळं त्यांनी मधल्या सुट्टीत वाचून काढलं. आम्हाला समजावून सांगताना त्या म्हणाल्या होत्या, हे घर विकत घेण्यासारखं नाही, भाड्याच्या खोलीसारखं आहे. भाडं भरत राहिलात तर खोली तुमची. भरलं नाहीत की मालक थोडे दिवस वाट पाहतो, दोनचार चिठ्ठ्या पाठवतो आणि मग कुलूप काढतो. त्यानंतर आधी पाऊल टाकील त्याची खोली.

निवृत्तीनंतर त्यांनी याच कुलूप निघालेल्या खोल्यांचा धंदा सुरू केला. रोज सकाळी चहाबरोबर बाई त्या दिवशी मोकळ्या होणाऱ्या नावांची यादी वाचत. लोक पेपरात निधनवार्ता वाचतात ना, अगदी त्याच तन्मयतेनं. बरं वाटलेलं नाव घेऊन ठेवायचं, त्यावर 'हे नाव विकणे आहे' असं एक पान लावायचं आणि गिऱ्हाइकाची वाट पाहायची. वर्ष दोन वर्षांत कोणी विचारलं नाही तर भाडं न भरता सोडून द्यायचं. त्यांचे नियम दोनच होते. दुसऱ्याच्या दुकानाच्या पाटीवरचं नाव आधीच पळवून त्यालाच विकायचं नाही. "झाडावरचं तोडायचं नाही, पडलेलं उचलायचं," असं त्या म्हणत. आणि हातात येईपर्यंत नाव तोंडातून काढायचं नाही, नवऱ्यापुढेसुद्धा. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होते. जन्मभर लोकांना वर पोचवलं आणि स्वतः मात्र बिनलिफ्टच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहिले, हा विनोद ते स्वतःच सगळ्यांना ऐकवत. ते म्हणत, "आमच्या घरात पूर्वी भाजीला मीठ कमी पडलं तरी मला कळायचं. आता बायको हसली तरी का हसली ते कळत नाही."

हा सगळा कारभार एका लांब, जाड पुठ्ठ्याच्या वहीत होता. एका ओळीवर एक नाव. विकलं गेलं की पट्टी ठेवून लाल रेघ. सोडून द्यायचं ठरलं की निळी फुली. संगणकावर भाड्याच्या आठवणीची पत्रं यायची, पण सोडायच्या नावांचीच इतकी यायची, की बाईंनी ती सगळी आपोआप एका कोपऱ्यात जातील अशी सोय केली होती आणि त्या कोपऱ्यात त्या कधी डोकावत नसत. आपली वही पक्की आहे, मग दुसऱ्यानं आठवण कशाला करून द्यायची, असा त्यामागचा विचार. कधी खाडाखोड न केलेल्या माणसाचा तो विचार होता.

त्यांच्या इमारतीखाली कोपऱ्यावर घड्याळजींचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं रस्त्यावर थांबावं एवढी जागा. काका सत्तरीचे. पत्नी वारल्यापासून एकटेच. डोळ्याला भिंग लावून ते भिंतीवरची जुनी, किल्लीची घड्याळं दुरुस्त करतात. असं काम करणारं आसपास आता कोणी उरलेलं नाही. साडेसात वर्षांपूर्वी बाईंनी त्यांच्यासाठी एक नाव घेतलं, स्वतः बसून एक पान तयार केलं. त्यावर काकांचा फोटो, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर. मोबदला म्हणून काकांनी बाईंच्या माहेरचं बंद पडलेलं घड्याळ चालू करून दिलं. बाईंनी सात वर्षांचं भाडं एकदम भरून टाकलं. नियमाप्रमाणे मग ते नाव काकांच्या खात्यात जायला हवं होतं. पण काकांकडे ना संगणक, ना ईमेल. ते म्हणाले, "तुमच्याकडेच राहू द्या हो बाई, मी कुठे ठेवू?" बाईंनी ठेवलं. आणि व्यवहार पुरा झाला म्हणून वहीत पट्टी धरून लाल रेघ मारली.

त्या पानानं काकांचं आयुष्य बदललं असं म्हटलं तर ते फार होईल. पण दूरदूरच्या गावांहून फोन यायला लागले. कुणाच्या आजोबांचं घड्याळ, कुणाच्या बंद पडलेल्या कारखान्यातलं. खोक्यात भुसा भरून घड्याळं यायची आणि टिकटिकत परत जायची. फोनवर काका प्रत्येकाला आधी विचारत, घड्याळ कुठल्या भिंतीवर होतं, ऊन लागायचं का. आठवड्यातून असे तीनचार फोन म्हणजे काकांचं घर चालण्यापुरतं काम, आणि त्याहून जास्त म्हणजे बोलायला माणसं.

यंदा यजमान एकदा खालून वर आले, ते धापा टाकतच खुर्चीत बसले. गुडघे दोन्ही गेले आहेत. म्हणाले, काका दुकान बंद करताहेत. सोमवारी एक माणूस येणार आहे, यंत्र आणि हत्यारं उचलून न्यायला. बाईंनी विचारलं, का? तर म्हणे काम नाही. चार महिन्यांत बाहेरून एक फोन नाही. लोकांना आता अशी घड्याळं नकोत, असं काकांचं म्हणणं. भिंतीवर एकही घड्याळ चालू नव्हतं, असं यजमान सांगत होते. किल्लीच दिली नव्हती.

बाई संगणकाशी गेल्या. काकांचं पान उघडलं. तिथे काकांचा फोटो नव्हता. कोऱ्या पानावर एक ओळ होती, 'हे नाव विकणे आहे'.

अशी पानं त्यांनी स्वतः शेकड्यांनी लावली होती. पाच मिनिटं त्या नुसत्या त्या ओळीकडे पाहत बसल्या, असं यजमान सांगतात. मग कोपऱ्यात टाकलेली पत्रं उघडली. त्यात होती सगळी. मुदत संपत आली, मुदत संपली, नाव परत मिळवण्याची अखेरची संधी. एकामागून एक सहा पत्रं, बाईंच्या नावानं. वहीत ते नाव विकलेलं होतं, म्हणून बाईंच्या लेखी ते काकांचं. काकांच्या लेखी ते बाईंकडे ठेवलेलं. भाडं कोणीच भरलं नाही. आणि पडल्याबरोबर दुसऱ्या कुणीतरी उचललं.

तो दुसरा कोण, हे शोधायला बाईंना तासही लागला नाही. दुसऱ्या शहरातला एक व्यापारी होता, ओळखीचाच. दहा वर्षांत कितीतरी नावांची त्यांची देवघेव झालेली, पण आवाज कधी ऐकला नव्हता. बाईंनी फोन लावला. तो भला माणूस होता. पण धंद्यात भला माणूस आधी धंदेवाला असतो. जुनी घड्याळं जमवणारे लोक हौशी असतात, म्हणाला, नावाला चांगला भाव येईल. मग खाकरून म्हणाला, "ताई, मी चोरलेलं नाही. पडलं होतं."

त्यानं सांगितलेली किंमत त्यांना झेपणारी नव्हती. मात्र बाईंच्या वहीत एक नाव असं होतं, की ज्याच्यासाठी तो गेली कित्येक वर्षं मागे लागला होता. 'बिनघोर'. गाद्या बनवणारी एक कंपनीही दर वर्षी विचारायची आणि दर वर्षी थोडी वर चढायची. बाई थांबल्या होत्या. त्या नावाच्या पैशांत हा तिसरा मजला सोडून तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा घ्यायची, हे नवराबायकोचं ठरलेलं होतं. जागाही बघून ठेवली होती.

बाईंनी फोन हातानं झाकला आणि यजमानांकडे पाहिलं. यजमान गुडघा चोळत होते. म्हणाले, "दे. चढू की आपण. लिफ्टवाल्याला जिन्याची लाज कसली?"

नावाला नाव असा सौदा झाला. दोन दिवसांत, शनिवारी दुपारी, काकांचं नाव बाईंच्या खात्यात परत आलं. तासाभरात पान पूर्वीसारखं उभं राहिलं, तोच फोटो, तोच नंबर. यजमानांचं मत असं पडलं की आता गप्प बसावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. फोन येतील पुन्हा, काकांना कशाला कळायला हवं? फक्त सोमवारच्या त्या माणसाला काहीतरी सांगून थोपवायचं. पण सांगायचं काय? पुढे काम येणार आहे हे तुम्हाला कसं ठाऊक, असं काका विचारणारच. बाई म्हणाल्या, "त्यांना वाटतंय, लोकांनी त्यांना टाकलं. हे वाटणं माझ्यामुळे आहे. ते तसंच राहू दिलं, तर मी दुसऱ्यांदा चुकेन."

यजमानांनी मग वाद घातला नाही. चप्पल पुढे सरकवून दिली.

काका हत्यारं पुसून खोक्यात भरत होते. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रेघ, पत्रं, कोपरा, चार महिने. एकही कारण पुढे केलं नाही. 'बिनघोर'चं तर नावही काढलं नाही. सांगून झाल्यावर त्या बोलणी खायला तयार होऊन उभ्या राहिल्या. शाळेत चुकलेली मुलं उभी राहतात तशा, हे त्यांचेच शब्द.

काका हातातला स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे लोक फोन करत होते?"

"करायला बघत असतील. नंबरच सापडत नव्हता त्यांना."

"चार महिने." काकांनी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. "चार महिने मी स्वतःला म्हातारा समजत होतो, बाई. सकाळी उठून फोन उचलून बघायचो, चालू आहे का. मला विचारायला काय झालं होतं? रोज इथूनच जाता ना तुम्ही?"

बाई रोज तिथूनच जात होत्या, हे खरं. घड्याळं बंद असलेली त्यांनीही पाहिली असतील. विचारलं नव्हतं, एवढंच.

काका उठले, पाठ फिरवून भिंतीशी गेले आणि एका घड्याळाला किल्ली देऊ लागले. बाईंना वाटलं, आता आपण जावं. त्या पायरीपर्यंत गेल्या, तेवढ्यात काका मागून म्हणाले, "कुठे निघालात? ते नाव माझ्या नावावर करा आधी. माझं मीच भाडं भरीन. तुमच्या वहीवर माझा भरवसा नाही आता."

बाई वर गेल्या, त्या त्यांचा जुना लॅपटॉप घेऊनच खाली आल्या. काकांचा ईमेल काढायला दीड तास लागला. काका एका बोटानं अक्षर शोधत, सापडलं की दाबायच्या आधी बाईंकडे बघत. बाईंनी तीस वर्षं न बघता टंकलं होतं. त्यांचे हात शिवशिवत होते, पण त्यांनी ते मांडीवर धरून ठेवले. मधेच एक गिऱ्हाईक पट्टा बदलायला आलं, तेव्हा काकांनी त्याला सांगितलं, उद्या या, आज मी शाळेत आहे.

शेवटी पासवर्ड आला. बाईंनी समजावलं, दुसऱ्या कुणाला ओळखता येणार नाही असं काहीतरी घाला, आणि कुणालाही सांगू नका. काका विचारात पडले. मग त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला, डावा हात आडवा धरून कळा झाकल्या आणि बाईंकडे पाहिलं.

"तिकडे बघा," ते म्हणाले.

बाईंनी मुकाट्यानं रस्त्याकडे तोंड केलं. मागे एकेक कळ वाजत होती, फार सावकाश, आणि काका ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते.