रिकामं दिसणारं फोल्डर

सून केतकी माझ्या जुन्या सॉफ्टवेअरची गिट रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्यातले सगळे बदल जपणारा साठा, तपासत होती.

"बाबा, हे एक फोल्डर रिकामंच आहे. कुणी काय लिहिलं त्या अहवालातून वगळते हं."

मी चष्मा लावला. फोल्डरच्या नावापुढे @ आणि काही अक्षरं होती. ते सबमॉड्यूल होतं, म्हणजे दुसऱ्याच्या रिपॉझिटरीतल्या एका ठरावीक कमिटची, नोंदवून ठेवलेल्या टप्प्याची, खूण. मूळ काम कितीही पुढे गेलं, तरी कुणी मुद्दाम हलवेपर्यंत ही खूण तिथेच अडकून राहते. मीही असाच एका संध्याकाळपाशी अडकलोय. ऑफिसातल्या सत्कारात मी या सॉफ्टवेअरचं सगळं श्रेय घेतलं. समोर बसलेली माझी सहकारी वसुधा टाळ्या वाजवत होती.

"वगळू नकोस. सगळी आकडेमोड त्यातच आहे. माझ्याबरोबरच्या वसुधा म्हणून होत्या, त्यांनी लिहिलेली."

"पण तुम्ही तर नेहमी म्हणता, एकट्याने केलं!"

"खोटं म्हणत आलो."

केतकीने सबमॉड्यूलचा पत्ता शोधून उघडून पाहिला.

"बाबा, तिथे आता काहीच नाहीये. काढून टाकलंय सगळं."

"तरी त्यांचं नाव लिही," मी म्हणालो. "आणि माझं त्यांच्या खाली."