लेम्पीने कुंपणापाशी तोंड उघडले नाही

वेलदोड्याच्या गोड पावासाठी पिठाच्या तीन वळ्या करायच्या होत्या. दोन ओट्यावर लांबवून झाल्या होत्या आणि तिसरी लेम्पीच्या हातात होती, तेवढ्यात उर्हो काठी टेकत स्वयंपाकघरात आला. बाहेर पहिले हिव पडले होते आणि तलावाकडून येणारा वारा खिडकीच्या फटीतून शीळ घालत होता.

"लेम्पी, एक मागू?"

"पाव अजून कच्चा आहे."

"पावाचं नाही. रेइनोचं."

लेम्पीने हातातली वळी ओट्यावर आपटली. नवरा काय मागणार हे तिला ठाऊक होते. गेला आठवडाभर तो तिच्याभोवती असाच घुटमळत होता.

"आज परीक्षेत त्याला पास कर," उर्हो म्हणाला. "झालं ते झालं. माझा धाकटा भाऊ आहे तो."

"धाकट्या भावाने थोरल्याच्या कमरेत गोळी घातली."

"हरीण समजून घातली ग."

"हरणाला शिकाऱ्याचा नारिंगी कोट कुठल्या शिंप्याने शिवला?"

उर्होला हसू आले, पण त्याने ते गिळले. खुर्ची ओढून तो हळूच एका कुल्ल्यावर बसला. दुसऱ्यावर त्याला बसता येत नाही. "मला या वर्षी शिकारीच्या खोपटीवर जायचंय," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "शिकार नको मला. नुसतं चुलीपाशी बसेन, रस्सा ढवळेन, गप्पा ऐकेन. बाबांनी बांधलेली जागा आहे ती. रेइनोला लायसन मिळालं की तो मला गाडीतून नेईल. एकटा कसा जाऊ?"

लेम्पीने पास करते म्हटले नाही, नापास करते असेही म्हटले नाही. वळ्या तशाच फडक्याखाली झाकल्या, हात धुतले, नारिंगी टोपी घेतली आणि ती निघाली.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. हंगामाचा पहिलाच दिवस, सूर्य टेकलेला, देवदारांची दलदल. रेइनोला काहीतरी हलताना दिसले आणि त्याने चाप ओढला. उर्हो वाचला ती देवाची दया. माणसाच्या हातून चूक होते, एवढे लेम्पीलाही कळत होते. त्या एका चुकीवर ती इतकी वर्षे धुमसत राहिली नसती. पण रेइनोने शेरीफला सांगितले की उर्हो ठरलेली जागा सोडून त्याच्या पुढ्यात आला. मग कॉफीच्या दुकानात तेच सांगितले, चर्चच्या पायरीवर तेच. शुद्धीवर आल्यावर उर्हो म्हणाला, मला काही आठवत नाही. भावाला सांभाळून घ्यायची त्याला लहानपणापासून सवय. गावाने मान डोलावली आणि उर्हो सालोनेन हा जंगलात कुठेही भटकणारा वेंधळा माणूस ठरला. कोर्टाने रेइनोचे लायसन सात वर्षांसाठी काढून घेतले आणि परत हवे तर सुरक्षेचा वर्ग नव्याने करून ये म्हणून सांगितले.

त्याच हिवाळ्यात तो वर्ग घेणारे म्हातारे गृहस्थ थकले. लेम्पीने पाळकांना विचारले, मी शिकवू का? बाई माणूस बंदुकीचा वर्ग घेणार म्हणून पुष्कळ जण हसले. तिने रीतसर प्रशिक्षण घेतले, आणि दर शरद ऋतूत चर्चच्या तळघरात गावातली मुले तिच्याकडे शिकू लागली. रेइनोला एक दिवस याच दारातून आत यावे लागणार हे तिने मनाशी धरले होते. देवाला तिने ते प्रार्थनेत सांगितलेही होते, आणि देव नको म्हणाला नव्हता. रविवारी सगळे जण आमच्या अपराधांची क्षमा कर म्हणत, तेव्हा पुढच्या ओळीला, जिथे आपणही इतरांना क्षमा करतो असे येते, लेम्पीचे ओठ मिटलेले असत. खोटे बोलायचे ते देवाशी कशाला?

रेइनो दुसऱ्या गावच्या वर्गाला जाऊ शकला असता. पण तो म्हणायचा, परीक्षा घरचीच आहे की.

आज तळघरात मुलांच्या ठेंगण्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन तो बसला होता, मिशा पिकलेल्या, गालावर हसू. "काय वहिनी, पाव नाही आणलास? पोट भरलं की परीक्षकाचा हात सैल सुटतो."

"नाव लिही आणि गप्प बस."

लेखी पेपर त्याने झटकन सोडवला. चित्रे दाखवली तेव्हा कुठे गोळी झाडायची आणि कुठे थांबायचे तेही बरोबर सांगितले. झुडपामागच्या अर्धवट आकृतीचे चित्र आले, तेव्हा लेम्पी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "थांबायचं," तो म्हणाला. डोळ्याची पापणीही हलली नाही.

दुपारी सगळे खडीच्या खाणीमागच्या माळावर गेले. मुलांचे आईबाप गाड्यांना टेकून कॉफी पीत होते. प्रत्येकाने सरावाची बंदूक, खोटी काडतुसे भरलेली, घेऊन पायवाटेने जायचे आणि वाटेतले तारेचे कुंपण ओलांडायचे. नियम साधा. काडतुसे काढा, बंदूक तारेखालून पलीकडे जमिनीवर ठेवा, नळी माणसांपासून दूर. मग चार पावले बाजूला जाऊन स्वतः ओलांडा. इथे चुकले की परीक्षा संपली, पुढच्या शरदात या.

आमच्याकडचे पुरुष हे कधीच करत नाहीत. एक हात खांबावर, दुसऱ्या हातात भरलेली बंदूक आणि टांग तारेवरून पलीकडे. बापाने तसे केले, आजाने तसे केले. त्यांच्या मुलांच्या अंगातही तेच उतरते. म्हणून लेम्पीची एक रीत होती. मूल खांबाजवळ आले की ती मोठ्याने ओरडायची, "कुंपण!" मूल दचकायचे, थांबायचे आणि काडतुसे काढायचे. आजवर एकाही मुलाला तिने हे सांगितल्याशिवाय खांबाला हात लावू दिला नव्हता. आजही नाही.

शेवटी रेइनो निघाला. खांदे ढिले, चाल ऐटीची. गाडीपाशी उभ्या माणसांकडे बघून त्याने डोळाही मिचकावला. खांब जवळ आला. शब्द लेम्पीच्या जिभेवर आला आणि तिने तो दातांमागे धरला. प्रभू बघत होता हे तिला माहीत होते. बघू दे, ती मनात म्हणाली, त्या दिवशी दलदलीतही तो बघतच होता.

रेइनोने एक हात खांबावर ठेवला. दुसऱ्या हातात बंदूक तशीच. टांग तारेवरून पलीकडे गेली आणि नळी आडवी फिरून थेट मुलांच्या रांगेवर आली.

"आम्ही मेलो!" रांगेतली एक मुलगी आनंदाने ओरडली.

एक पाय अलीकडे, एक पलीकडे, असा रेइनो थिजला. मग चेहरा लाल होत गेला. "मुद्दाम गप्प बसलीस!"

"हो," लेम्पी म्हणाली.

"सगळ्यांना ओरडून सांगितलंस! या एवढ्याएवढ्या पोरांना!"

"ती शिकायला आलीत. तू लायसन न्यायला आलास."

"वहिनी, हा कसला न्याय? उर्हो त्या दिवशी जागेवरून हलला नसता तर मी आज या पोरांत उभा नसतो!"

गाड्यांपाशी कॉफी पिणारे हात थांबले. लेम्पी कुंपणाजवळ गेली, तारेवर अडकलेल्या दिराच्या हातातून तिने बंदूक काढून घेतली, उघडून काडतुसे खिशात टाकली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रक्त त्याच्या मचाणाखाली होतं, रेइनो. त्याच्याच झाडाच्या बुंध्याशी. दुसऱ्या सकाळी त्याचा थर्मास आणायला मीच गेले होते. पाऊल हललं नव्हतं त्याचं."

एक बाप आपल्या बुटांकडे बघू लागला. रेइनोने पँट तारेतून सोडवताना ती फाडली, गाडीत बसला आणि खडी उडवत निघून गेला. लेम्पीने त्याच्या नावापुढे नापास लिहिले. अक्षर नेहमीपेक्षा सुरेख आले.

घरी उर्हो रेडिओ लावून बसला होता. तिचा चेहरा बघून त्याने तो बंद केला. काय झाले ते तिने सगळे सांगितले, गप्प बसल्याचेसुद्धा.

"तू आज त्याच्यावरच नाही, माझ्यावरही सूड उगवलास," तो म्हणाला. "ते जगासमोर काढायला कोणी सांगितलं होतं? मला आठवतं सगळं. पहिल्यापासून आठवतं."

"मलाही वाटलंच होतं."

"मग मला खोपटीवर कोण नेणार आता?"

लेम्पीने कोटाची बटणे काढायला घेतली होती, ती पुन्हा लावली. "मी."

"बाया खोपटीवर येत नाहीत. बाबांचा नियम."

"कुंपण कसं ओलांडायचं तेही बाबांनीच शिकवलं होतं. दिसलं ना आज."

त्या हंगामापासून लेम्पीने जंगलात पाऊल टाकले नव्हते. शिकवायची ती, पण बंदूक घेऊन झाडांत शिरायची नाही. "आणि बसशील कुठे?" उर्होने विचारले.

"रेइनोचं मचाण मोकळंच आहे. पुढच्या वर्षीही मोकळं राहील, त्याच्या पुढच्याही. मी इथेच आहे."

तिने गाडीच्या किल्ल्या घेतल्या. शिकारीची लायसने हिल्टुनेनच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत, ते बंद व्हायच्या आत तिला स्वतःच्या नावाचे हरणाच्या शिकारीचे लायसन काढायचे होते.