दसऱ्याच्या सकाळी गेलेली क्रूझर

त्या दसऱ्याची सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते, आणि उभी राहिली की मी एकटाच हसत सुटतो. घरचे विचारतात, काय झालं? मी म्हणतो, काही नाही, गाडी आठवली.

निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजन असतं. रायफली पुसून टेबलावर मांडलेल्या, जीपला झेंडूच्या माळा घातलेल्या. बंदोबस्तही दुप्पट, कारण त्याच दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढऱ्या कपड्यांतली माणसं सकाळपासून बुद्ध लेणीच्या वाटेला लागलेली असतात. अशा दिवशी नवा गुन्हा यावा असं कुठल्याच ठाणेदाराला वाटत नाही. पण गुन्ह्याला कुठं सणवार कळतो! पूजा सुरू होणार एवढ्यात दारात दोघी येऊन उभ्या राहिल्या.

मुलगी पंचविशीतली, वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या कामाला. सोबत तिची आई. आईच्या अंगावर पांढरीशुभ्र साडी आणि हातात नवंकोरं हेल्मेट, त्याची प्लास्टिकची पिशवीसुद्धा अजून काढलेली नव्हती.

"साहेब, माझी गाडी गेली," मुलगी म्हणाली आणि रडायलाच लागली.

गाडी म्हणजे साडेतीनशे सीसीची काळी क्रूझर मोटरसायकल, सेकंडहँड घेतलेली. बसायला ठेंगणी, अंगानं भारी, हँडल रुंद. मी तिला पाणी दिलं आणि जबाब घ्यायला बसलो.

घेताना गाडी नीट बघितली होती का, असं मी जरा खवचटपणेच विचारलं. तर काय सांगू! पोरीनं डोळे पुसले आणि मलाच शिकवणी सुरू केली.

"लई गाड्या बघितल्या, साहेब. जिथं जायची तिथं आधीच सांगायची, गाडी गरम करून ठेवू नका, माझ्यासमोर चालू करा. गरम इंजिनात सगळे दोष झाकतात. मग चेन बघायची, टायर बघायचे, पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय का ते बघायचं. गाडी पडलेली असली तर सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते, म्हणून चालवून बघायची. इंजिन नंबर, चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवला. जुनं चलन बाकी नव्हतं. ट्रान्सफरचा अर्जबी टाकलाय."

माझ्या हवालदाराने महिन्यापूर्वीच जुनी मोटरसायकल घेतली होती. तो खाली मान घालून लिहीत राहिला.

"चाव्या किती मिळाल्या?" मी विचारलं.

"एकच. दुसरी हरवली म्हणाले."

इथंच पोरगी चुकली होती. जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागून घ्याव्यात, नाहीतर सगळी कुलपं बदलून टाकावीत. काही भामटे गाडी विकतात, दुसरी चावी जवळ ठेवतात आणि संधी मिळाली की स्वतःच विकलेली गाडी उचलून नेतात. इथंही तसंच दिसत होतं. तिनं सकाळी गाडी पुसून मुकुंदवाडीतल्या घरासमोर, शेजारच्या बंद गॅरेजला लागून उभी केली आणि आईला साडी नेसवायला आत गेली. गल्लीत स्पीकरवर गाणी चालू, त्यामुळं इंजिनचा आवाज कुणाला आला नाही. हँडल लॉक केलेलं असूनही मोडतोडीची काही खूण नव्हती.

आता आई बोलली. "मी म्हणत व्हते, बाईमाणसाला असली रेड्यावानी गाडी कशाला? घेतल्यापासून तिच्या मागं बसले नाय. समदे पाहुणे हसत व्हते. काल म्हणलं जाऊ दे, लेकीच्या मनासारखं व्हऊ दे, लेणीला तुझ्या गाडीवर येते. आन् आजच हे झालं."

"साहेब, आई आज बसली नाय तर पुन्हा कधीच बसायची नाय," मुलगी म्हणाली. गाडीपेक्षा तिला त्याचंच जास्त लागलं होतं, हे मला कळलं. मलाही मुली आहेत.

एक अंमलदार मुकुंदवाडीला पाठवला आणि विकणाऱ्याला फोन करून ठाण्यात बोलावून घेतलं. तो यायच्या आत अंमलदाराचा फोन आला. त्याला मोठ्या रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडून खबर मिळाली होती. मी पंक्चरवाल्यालाच फोनवर घेतलं.

"हां साब, आई थी ना काली गाडी," तो म्हणाला. "एक चाचा थे, धोतीवाले, सफेद टोपी. हवा भरवाए, शीशे में मूछां देखे, मेरेकू दसरे की मुबारकबाद दिए और आरामसे गए. चोर ऐसे रहते क्या, साब?"

मी म्हटलं, टोळी बिलंदर दिसते, म्हाताऱ्या माणसाला पुढं करून गाड्या उचलते. हवालदार म्हणाला, "साहेब, म्हातारा सापडला तर हातकडी घालायची का?" मी त्याला गप्प केलं.

विकणारा आला. तिशी-पस्तिशीचा नोकरदार माणूस, नवा झब्बा, कपाळाला गंध. मी त्याला समोर बसवला आणि काहीच बोललो नाही. चौकशीत शांतता फार उपयोगी पडते, समोरचा माणूस ती भरून काढायला बघतो.

"साहेब, मी गाडी रीतसर विकली. कागद केलेत," तो आपणहून म्हणाला.

"दुसरी चावी?"

"हरवली." हे तो वर पंख्याकडे बघून म्हणाला. खोटं बोलताना पुष्कळ माणसं पंख्याकडे बघतात, कशासाठी ते देवाला ठाऊक.

"बरं," मी आवाज चढवला, "मग तो धोतरवाला कोण, ज्याला तू गाडी उचलायला पाठवलंस?"

"धोतरवाला?" त्याचा चेहरा उतरला. "पांढरी टोपी? आन् मिशा, अशा वर वळवलेल्या?"

"ओळखतोस तर!"

त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मेलो! आबा!"

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. आबा म्हणजे त्याचे वडील. राहणारे गंगापूरकडचे, शेती करणारे. गाडी पोराच्या नावावर, पण जीव आबांचा. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी इकडं आले की क्रूझर घेऊन गावभर फिरायचे, ऑपरेशनचं नाव काढू द्यायचे नाहीत. एखाद्या दिवशी घात होईल म्हणून पोरानं गाडी गुपचूप विकली आणि आबांना सांगितलं की गॅरेजला दिलीय. दुसरी चावी आबांच्या करगोट्याला बांधलेली. ती मागितली असती तर बिंग फुटलं असतं. आबा आदल्या दिवशीच सणाला आले होते.

"साहेब," तो हात जोडून म्हणाला, "मला लॉकअपमधी टाका, पण आबांच्या पुढं उभं करू नका."

हवालदार हसू आवरायला बाहेर निघून गेला.

झेंडूच्या माळांनी सजलेल्या जीपमध्ये मी मायलेकींना आणि त्या पोराला घातलं आणि मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं त्याच्या घरी गेलो. अंगणात क्रूझर उभी! टाकीत बघून भांग पाडावा अशी घासलेली, हँडलपासून सीटपर्यंत झेंडूची माळ, टाकीवर हळदीकुंकवाची बोटं. आणि शेजारी आबा, मिशांना पीळ देत.

"या साहेब, सणाला आलात, लई बरं वाटलं!"

"आबा, ही गाडी कुठून आणली?"

"आवो, त्या गॅरेजवाल्यानं रस्त्यावर टाकून दिली व्हती! आज दसरा, घरच्या गाडीची पूजा नको? मी निघालो व्हतो फुलं आणाया, नजर पडली, चावी लावली न् आणली. त्याला जरा दम भरा तुमी."

मी पोराकडे बघितलं. पोरानं जमिनीकडे बघत एका वाक्यात सांगून टाकलं. आबांनी गाडीच्या सीटवर हात ठेवला.

"इकली?" ते म्हणाले. "मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर इकू दिली असती का?"

"नाय," आबा म्हणाले. माणूस खरा. मग ते मुलीकडं वळले. "तू चालवतीस?"

"व्हय, आजोबा."

"चालू केली की लगेच पळवत नाय ना?"

"नाय, आधी गरम होऊ देते."

आबांनी मान डोलावली. घराकडं तोंड करून करगोट्याची चावी सोडली आणि तिच्या हातात ठेवली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

मुलगी गाडीकडं गेली, टाकीपाशी थबकली आणि आईकडं बघू लागली. आईची नजर कुंकवाच्या बोटांवर होती. धम्मदीक्षा घेतलेलं घर, बावीस प्रतिज्ञा पाळून देवपूजा सोडलेलं, आणि त्यातही आजचा दिवस. नोकरीत मी याहून छोट्या गोष्टींवरून गावं पेटलेली पाहिली होती. मी दोघांना समजावणारं भाषण मनात जुळवलं आणि एक पाऊल पुढं टाकलं.

आबांनी आईच्या पांढऱ्या साडीकडं बघितलं. "आज तुमचाबी दिस हाय की," ते म्हणाले. "माझ्या ध्यानातच आलं नाय." खांद्यावरचं उपरणं बादलीत बुडवून त्यांनी स्वतः टाकी पुसली. पिवळं-तांबडं सगळं गेलं तरी पुन्हा एकदा पुसली. मग माळ काढायला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या, आबा," आई म्हणाली. "फुलं आमीबी वाहतो."

तिनं हेल्मेटची पिशवी फाडली, पदर सावरून हेल्मेट घातलं आणि लेकीच्या मागं बसली. गाडी धडधडत गल्लीतून निघाली. वळणावर आईचा आवाज आला, "हळू गं, हळू!" आणि मागोमाग तिचं मोठ्यानं हसू. आबा म्हणाले, "बघा साहेब, कशी बोलती गाडी!" आणि पोराच्या पाठीत एक धपाटा घातला. मला वाटतं त्यांनी त्यालाही तेवढ्यातच माफ केलं. त्या दिवाळीआधी आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो, तो इथं कुणाचाच नव्हता. सगळ्यांचे जबाब घेऊन, ठाण्याच्या डायरीत नोंद करून प्रकरण मिटवलं. नोकरीभर माझी समजूत होती की आपण मध्ये उभे राहिलो नाही तर माणसं एकमेकांचा गळा धरतील. ते जुळवलेलं भाषण मी कधीच केलं नाही. दोन वाक्यांत त्या दोघांनी जे केलं ते माझ्या तासभराच्या भाषणानं झालं नसतं, उलट बिघडलंच असतं. पोलिसानं केव्हा गप्प राहायचं, हे मला शिकायला निवृत्तीचं वर्ष उजाडावं लागलं, पण शिकलो ते अशा दिवशी, याचा आनंद आजही मावत नाही.