पोटातून आलेला दोरा

पार्लरताईच्या हाताखालून गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या भुवया गेल्या होत्या. घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि दारावर एक घंटी, एवढंच तिचं पार्लर. हात इतका हलका, की भुवया कोरताना बायका डुलक्या काढत. जिभेला मात्र हाड नव्हतं. समोर बसलेल्या बाईला ती तोंडावर सांगायची, "वहिनी, मिशा आल्यात. दाढी यायच्या आत येत जा." वहिनी हसायच्या आणि पुढच्या वेळी लवकर यायच्या.

दुसऱ्यांच्या ओठांवरची लव काढणारी ही बाई स्वतः मात्र आरशाकडे पाठ करून उभी राहायची. जुळ्या मुलांनी तिच्या पोटाची जी दशा केली होती, ती मुलं दाढी करायला लागली, शिकायला बाहेरगावी गेली, तरी सुधारली नव्हती. कातडी ओघळून मांडीवर यायची. चालून झालं, उपाशी राहून झालं. एकदा एका नव्या गिऱ्हाइकाने खुर्चीत बसल्याबसल्या मायेने विचारलं, "कितवा महिना, ताई?" ताई हसली. पण त्या दिवशी तिच्या हातून पहिल्यांदाच एक भुवई वाकडी झाली.

तिने ठरवलं ते त्याच संध्याकाळी. दूरच्या मोठ्या शहरात जाऊन तिने टमी टक करून घेतलं. कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चीर, जादा कातडी काढून टाकलेली, आतले सैल स्नायू आवळून शिवलेले आणि बेंबीलाही नवी जागा. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. त्याने सोबत जाऊन सगळं केलं आणि परतताना एकच सल्ला दिला, "आईला हर्निया सांग."

सल्ला बरोबर होता. सासूबाई शाळेत शिपाई होत्या. आयुष्यभर घंटा देऊन देऊन त्यांचा आवाजही घंटेसारखाच झाला होता. सुनेच्या पार्लरला त्या 'ओरबाडायचं दुकान' म्हणायच्या. चांगलं धडधाकट शरीर दिसण्यापायी फाडून घेतलंय हे कळलं असतं, तर त्यांनी सगळी गल्ली गोळा केली असती. ताईला चिरेपेक्षा त्या आवाजाची जास्त भीती वाटली. तिने हर्निया सांगितला. सासूबाईंनी तिला आठवडाभर अंथरुणात जेवू घातलं, तिचं अंग पुसलं, आणि हर्नियावर अवाक्षर काढलं नाही.

हळूहळू ती सरळ उभी राहायला लागली. पट्टा आवळून पार्लर पुन्हा उघडलं. बायका आ वासून बघायच्या. "किती बारीक झालात! काय केलंत?" "रोज चालते," ती म्हणायची. खोटं बोलायची तिला सवय होत चालली होती, आणि आरशाकडे तोंड करून उभं राहायचीही. ते दिवस तिचे फार सुखाचे गेले.

मग एका दुपारी दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तिने दाराला कडी घातली, पट्टा सोडला आणि आरशात व्रण बघितला. डाव्या टोकाला एक बारीकशी पुळी होती आणि पुळीतून काळपट टोक वर आलं होतं. केस! कातडीखाली अडकलेला केस. असे केस ती रोज डझनाने काढायची. डोक्यात काही यायच्या आत तिच्या हातात चिमटा आला होता. तिने टोक पकडलं आणि ओढलं.

केस आला. अजून आला. बोटाच्या पेराएवढा आला तरी मूळ येईना. मग तो अडकला, आणि आत कुठेतरी काहीतरी खेचलं गेलं. ती ओढत होती कमरेच्या डाव्या बाजूला, आणि खेच जाणवली बेंबीखाली. निदान तिला तरी तसं वाटलं. दुखलं मात्र अजिबात नाही. ऑपरेशनपासून तो सगळा भाग बधिर होता, परक्याचं कातडं शिवून लावल्यासारखा. न दुखण्याचीच तिला जास्त धास्ती वाटली. उद्या आत आग लागली तरी आपल्याला कळणार नाही, असं तिच्या मनात आलं.

चिमटा हातातून पडला. तो केस नव्हता, टाक्याचा दोरा होता. धान्याच्या पोत्याचं तोंड शिवलेलं असतं, त्यातलं नेमकं टोक हाती लागलं की सर्रकन सगळं पोतं उघडतं. ते पोतं तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

दारावरची घंटी वाजली. तिने कापूस लावला, पट्टा आवळला, दार उघडलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं. ताईने नेहमीसारखं भुवयांच्या दोऱ्याचं एक टोक दातात धरलं. दातात एक दोरा, पोटात एक दोरा!

"ताई, आज हात थरथरतोय तुमचा," गिऱ्हाईक म्हणालं.

"चहा झाला नाही अजून," ताई म्हणाली. आणखी एक खोटं.

तिने मोठ्या शहरातल्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर परदेशी गेले होते. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "नॉर्मल आहे, मॅडम. फोटो पाठवून ठेवा. ओढला नाहीत ना दोरा?"

"छे, नाही," ताई म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला कळलं, की तिला मिळालेला धीर दुसऱ्याच कुठल्यातरी बाईला दिलेला आहे. दोरा न ओढलेल्या बाईला.

त्यानंतर तिने जीव मुठीत धरून दिवस काढले. शिंक आली की ती दोन्ही हातांनी पोट आवळून धरायची. बायका विनोद करायच्या, ती हसायची नाही. कापसावर आधी पिवळसर डाग पडायचा, मग गुलाबी. ती डागाचा वास घेऊन बघायची. वास येतोय असं वाटायचं, परत घेतला की नाही असं वाटायचं. नवरा रस्त्यावरून फोन करायचा. "आईला सांगून टाक," तो म्हणाला. "मेले तरी नाही," ती म्हणाली. बोलून गेल्यावर त्या शब्दानेच तिच्या अंगावर काटा आला.

एका सकाळी कापूस काढला तर दोऱ्याच्या बाजूला कातडी उकललेली. छोटंसं छिद्र, आत ओलं लाल. आपल्याच शरीराच्या आत आपण बघतोय हे कळलं आणि ती न्हाणीघरात भिंतीला टेकून खालीच बसली.

"दार उघड," बाहेरून सासूबाई.

तिने कशीबशी कडी काढली. "आई, हर्नियाचे टाके सुटले," ती म्हणाली. त्या घटकेलाही हर्नियाच.

सासूबाईंनी तिच्या खांद्यावर शाल टाकली आणि दंडाला धरून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर झोपवलं, पट्टा सोडला आणि कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"कसलं ऑपरेशन?"

"हर्नियाचं."

"नीट सांगा. त्यावर सगळं ठरतं."

ताईने छताकडे बघितलं. पडद्यापलीकडे सासूबाई उभ्या होत्या. आता खरं सांगितलं तर त्या ऐकणार, नाही सांगितलं तर आपण मरणार. तेवढ्यात पडदाच बोलला.

"हर्निया कसला हो? पोट कमी करून घेतलंय तिने. हर्नियाला कुणी नवी बेंबी बसवतं का?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी दोऱ्याकडे निरखून बघितलं. "हा ओढलात का?"

"केस वाटला," ताई म्हणाली आणि हुंदका फुटून रडायला लागली. "सगळं उसवणार का आता?"

"काही उसवत नाही. हा विरघळणारा दोरा. कधीकधी शरीराला नको होतो, मग ते तो बाहेर ढकलतं. आतले टाके वेगळे आहेत, एका दोऱ्यावर पोट टांगलेलं नाही तुमचं." त्यांनी कात्रीने दोरा कापला. "पण जखम उघडली आहे. ती वरून शिवायची नाही, तळापासून भरून यायला हवी. औषधाची पट्टी रोज आत भरायची. ताप आला, लाली पसरली, वास आला, तर तसंच उठून इथे यायचं. घरी कोण करेल?"

"मी," पडदा म्हणाला.

वाटेत ताईनेच विचारलं, "कधी कळलं?"

"पहिल्या दिवशीच. अंग पुसताना."

"मग बोलला का नाहीत?"

"तू हर्निया म्हणालीस. म्हटलं, असेल बाई हर्निया." सासूबाईंचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "परक्या डॉक्टरपुढे पोट उघडं टाकलंस. माझ्यापुढे तोंड उघडवेना तुला?" त्यांना लागलं होतं. ताईला ते दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून पट्टी सुरू झाली. ताई भिंतीकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून पडायची. सासूबाई हात धुऊन, चष्मा लावून बसायच्या.

"केवढं आहे?"

"वाटाण्याएवढं."

काही दिवसांनी, "मसुरीएवढं." मग तांदळाएवढं. मग तिळाएवढं. ताईच्या जिवात जीव आला. तिने एका वहिनीच्या मिशांची चौकशीसुद्धा केली. पण पट्टी आत जायला वेळ मात्र पहिल्याइतकाच लागत होता. ते तिच्या लक्षात आलं, आणि मग डोक्यातून जाईना.

शेवटी एकदा सासूबाई बाजारात गेल्या असताना तिने पार्लरची कडी लावली आणि आरशासमोर पट्टीची कड उचलून बघितली. तीळ नव्हता, मसूर नव्हती. चांगला टपोरा वाटाणा होता. म्हणजे भरतच नाहीये. म्हणजे आत काहीतरी सडतंय, त्यांना माहीत आहे आणि त्या आपल्यापासून लपवतायत.

सासूबाई परतल्या, हात धुऊन बसल्या.

"आई, मी बघितलं," ताई म्हणाली. "तीळ कुठंय?"

सासूबाईंचा हात थांबला. "डॉक्टरीणबाईंना रोज फोनवर खरं सांगते मी. एकदा दाखवूनही आलो ना आपण? त्या म्हणतात, आत स्वच्छ आहे, खोली कमी होतेय, तोंड शेवटी मिटेल. महिना जाईल, दोन जातील. तुला वाटाणा सांगितला असता तर तू जेवली असतीस?"

"म्हणून खोटं बोललात?"

"खोटं बोलायचा मक्ता काय तू एकटीनेच घेतलायस?"

सासूबाई चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"मलाही भीती वाटते गं," त्या म्हणाल्या. "पट्टी सोडवताना रोज आधी डोळे मिटून घेते. वाटतं, उघडले आणि आज सगळं पोटच उकललेलं दिसलं तर? माझा पोरगा तिकडे ट्रकवर. त्याला काय सांगू? मग देवाचं नाव घेऊन एक डोळा उघडते. वाटाणा दिसला की बरं वाटतं मला."

इतके दिवस आपण भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, आणि मागे ही म्हातारी एकटी घाबरत होती. ताईला फार वाईट वाटलं. भीती गेली नव्हती. पण ती हाताच्या आधाराने उठून बसली, पाठीशी उशी घेतली आणि पट्टीची कड स्वतःच्या बोटांत धरली.

"तुम्ही मिटा डोळे," ती म्हणाली. "आज आधी मी बघते."

सासूबाईंनी खरंच डोळे मिटले. ताईने पट्टी सोडवली आणि खाली बघितलं.

"उघडा, आई. वाटाणाच आहे."