बी कॉलममधलं चौथं नाव

आधीच सांगतो, भूत, शकुन, दृष्टान्त यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. देवाला नमस्कार करायचो तोही आई बघत असली तर. पेशाने मी इंजिनीअर. इंगोलश्टाटला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ब्रेकच्या टेस्टचा डेटा तपासायचं काम... दिवसभर एक्सेल. आकडा चुकला तर चूक माणसाचीच असते, एवढी एकच श्रद्धा होती माझी.

२००६चा उन्हाळा. फुटबॉल वर्ल्ड कपमुळे गावातल्या झाडून सगळ्या गाड्यांना झेंडे लागले होते, आणि आमच्या घरात नावावरून युद्ध पेटलं होतं. माझ्या बायकोला, केतकीला, नववा महिना. मुलगी आहे हे इथले डॉक्टर सरळ सांगतात. त्यामुळे पुण्याहून माझी आई आणि सांगलीहून केतकीचे बाबा रोज फोनवर नावं सुचवायचे. त्यात बाबा पत्रिकेतले जाणकार. जन्मवेळेवरून जे अक्षर निघेल त्यावरूनच नाव ठेवायचं, हा त्यांचा आग्रह. इकडे श्टांडेसआम्टात, म्हणजे जन्मनोंदणीच्या ऑफिसात, आठवड्याच्या आत नोंद करावी लागते. बारशापर्यंत थांबायला जर्मन सरकार थोडंच तयार आहे!

शेवटी मी तोडगा काढला. एक्सेलची फाइल. ए कॉलममध्ये आमच्याकडची नावं, बी कॉलममध्ये केतकीच्या माहेरची, सगळी इंग्रजी अक्षरांत. अक्षर कळलं की त्या अक्षराची नावं दोन्हीकडे मोजायची. ज्यांची जास्त भरतील त्यांनी नाव ठेवायचं. ऑफिसचा लॅपटॉप, त्यामुळे एक्सेलही जर्मन, मोजणीचा फॉर्म्युलाही जर्मन – 'त्सेलेनव्हेन'. एका चौकोनात अक्षर टाकलं की दोन्ही कॉलमखाली आकडे येणार.

"तू ना, बाळाचंही टेस्टिंग करशील," केतकी म्हणाली. पण हॉस्पिटलच्या बॅगेत लॅपटॉप तिनेच आठवणीने भरला.

जूनच्या शेवटी एका सकाळी मुलगी झाली. सगळं नीट झालं, केतकीने तिला जवळ घेतलं, आणि थोड्या वेळातच रक्तस्राव सुरू झाला. थांबेना. दोन डॉक्टर धावत आले, पलंगासकट तिला ऑपरेशन थिएटरमध्ये घेऊन गेले. खोलीत मी उरलो आणि दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. प्रसूती करणाऱ्या वयस्कर सुईणबाईंनी तिला माझ्या डाव्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "बसून राहा. मी कळवते."

तेवढ्यात बाबांचा फोन. जन्मवेळ त्यांना मी आधीच कळवली होती.

"मिलिंदराव, पुष्य नक्षत्र. 'ह' आलंय बघा. केतकी कशी आहे?"

"झोपलीय बाबा." दुसरं काय सांगणार?

फोन ठेवला. मला खूप भीती वाटत होती. ती मरेल, हे वाक्य डोक्यात यायचं आणि मी ते ढकलून द्यायचो. काहीतरी करायला हवं म्हणून लॅपटॉप उघडला, एका हाताने 'एच' टाकलं.

आमच्याकडे तीन. त्यांच्याकडे चार.

बी कॉलम वाचला. हिमानी, हेमलता, हर्षिणी. तीनच. पुन्हा वाचला... तीन. लपवलेली ओळ नाही, पांढऱ्या रंगातलं अक्षर नाही. कॉलम नव्या फाइलमध्ये उतरवून बघितला, तरी चार. मग एकेक अक्षर टाकत गेलो. बाकी सगळी बरोबर, फक्त 'एच'लाच एक जास्त. मी त्या फॉर्म्युल्यावर अक्षरशः चिडलो. केतकीसाठी मला काहीच करता येत नव्हतं. निदान ही चूक तरी सापडावी, असं झालं होतं.

सुईणबाई आत आल्या. "अजून चालू आहे," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्यापुढे स्क्रीन धरली, 'एच'ची नावं मोजायला सांगितली. वेडाच वाटलो असेन. पण त्यांनी शांतपणे बोट फिरवलं. "आल्झो... आइन्स, त्स्वाय, द्राय." तीन. मग खालचा चार बघितला, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दुपार उलटल्यावर डॉक्टर आले. रक्त थांबलं होतं. मधे एकदा ब्लडप्रेशर जवळजवळ लागतच नव्हतं, म्हणाले. मी मुलीला छातीशी धरून रडलो.

केतकी संध्याकाळी शुद्धीवर आली. ओठ पांढरेफटक, आवाज जेमतेम. मुलीकडे बघून हसली आणि म्हणाली, "आम्ही जिंकलो ना? चार झाली."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. अक्षरसुद्धा नाही. 'ह' आलं तेव्हा ती थिएटरमध्ये होती.

"कुठली चार?"

"शेवटचं मी घातलं. हिरण्मयी. मला पहिल्यापासून आवडतं ते... जर्मन लोकांना म्हणता येणार नाही, तू हसशील, म्हणून बोलले नव्हते."

"कधी घातलंस?"

"अरे, मघाशी. तुझा डावा हात अडकला होता ना हिच्याखाली. म्हणून तुझ्या शेजारी बसून मीच टाईप केलं." एवढं बोलून ती परत झोपली.

मी लॅपटॉप उघडला. बी कॉलमच्या शेवटी, रिकाम्या चौकोनात 'हिरण्मयी' टाईप केलं. खालचा आकडा पाच व्हायला हवा होता. तो चारच राहिला.

आता त्या फाइलमध्ये चार नावं आहेत आणि उत्तरही चार. कोणाला दाखवण्यासारखं काहीच उरलं नाही. पुरावा मीच बुजवला. ऑफिसमधला मित्र म्हणतो, एक्सेलमधला बग असेल. असेलही. तिने ग्लानीत कोणाचं तरी बोलणं ऐकलं असेल म्हणावं, तर थिएटरमध्ये मराठी अक्षराबद्दल कोण बोलणार? ब्लडप्रेशर नेमकं किती वाजता लागत नव्हतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही, विचारायची हिंमतही नाही. केतकीला त्या संध्याकाळचं आता काही आठवत नाही. मुलगी हिरण्मयीच आहे, आणि तिच्या किंडरगार्टनमधल्या बाई ते नाव अगदी स्वच्छ म्हणतात.

पण केतकी तेव्हा म्हणाली ते खरं असेल, तर त्या दुपारी ती मला सोडून कुठेच गेली नव्हती, माझ्या शेजारीच बसली होती. आणि मी एकदाही मान वळवून तिकडे बघितलं नाही. मी स्क्रीनमधली चूक शोधत होतो.