दादाला चालत न्हाई

माणूस गेला की त्याचे किस्से वाढायला लागतात. माझा थोरला भाऊ, दादा, होता तेव्हा कोण सांगत नव्हतं. आता आमच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात रोज कोणीतरी येतं, जळकी मोटार बाजूला ठेवतं आणि म्हणतं, "तुला ते म्हाईत हाय का?" मला सगळं माहीत असतं. तरी ऐकतो. मी शाळेत फार गेलो नाही, लिहायची सवय नाही. पण हे डोक्यात ठेवून बसवत नाही.

दादाला शेंगदाणे, तीळ, दूध आणि अंडं चालत नव्हतं. म्हणजे आवडत नव्हतं असं नाही. एक कण पोटात गेला तरी घसा बंद व्हायचा! आणि राहायला कुठं, तर कोल्हापुरात. इथं भाजीत कूट, चटणीत कूट, आणि पावण्याला दूध पाजल्याशिवाय कोण सोडत नाही.

*

दूध नाही म्हणून दादा कोरा चहा प्यायचा. आमच्याकडं कोरा चहा मयताहून आल्यावर देतात. एकदा शाहूवाडीकडची एक म्हातारी लेकाबरोबर पंपाची मोटार घेऊन आली. दादाच्या हातातला काळा चहा बघून उंबऱ्यातच थांबली. पदर तोंडाला लावला.

"कोण गेलं रं बाबा?"

दादा म्हणाला, "अजून कोण न्हाई, मावशी. बसा, वाट बघूया!"

लेक हसला, मी हसलो. म्हातारी हसली नाही. दादाकडं एकटक बघत राहिली आणि मोटार न टाकताच लेकाला घेऊन निघून गेली.

*

बाळू म्हणजे दादाचा दोस्त, दुकानातला भागीदार. दादाला तो संज्या म्हणायचा. लग्न झाल्यावर त्यानं कळंब्याला खोली घेतली आणि आम्हाला जेवायला बोलावलं. वहिनीनं नवीकोरी भांडी काढलेली. दादा दारातच अडला. ओठ सुजायला लागले.

"बाळ्या, हितं शेंगा हायत."

"आईशप्पत, एक दाणा न्हाई!"

"हायत. त्या भितीकडं."

भिंत कोरी होती, नुकताच रंग दिलेली. दादा शेवटी बाहेर पायरीवर बसून जेवला. पुढं घरमालक भाड्याला आला तेव्हा बाळूनं सहज विचारलं.

मालक दचकला. "त्या भितीपलीकडं माझं शेंगांचं गोदाम हुतं. बंद करून किती वर्सं झाली! तुमास्नी कुणी सांगितलं?"

बाळू म्हणाला, "संज्याच्या ओठानं!"

*

दादासाठी मुलगी बघायला गेलतो. पोहे आले, वर शेंगदाणे. दादानं बशी लांब सरकवली. मुलीच्या बापाचं तोंड उतरलं. मध्यस्थ कानात म्हणाला, "पोरगी पसंत न्हाई व्हय?"

दादा मोठ्यानं म्हणाला, "पोरगी पसंत हाय की! पोह्यास्नी मी पसंत न्हाई!"

मुलगी हसली. मग हळूच विचारलं, "मला शेंगा सोडाव्या लागतील?"

"जन्मभर."

"तुमच्या का माझ्या?"



*

लायसनच्या फोटोदिवशी दादानं बेकरीतला पाव खाल्ला. पावावर अंड्याचा हात फिरवलेला, हे नंतर कळलं. गोळी घेऊन श्वास मोकळा झाला, पण तोंड भोपळ्यागत झालं. नंबर लागलेला, तसाच फोटो काढला. डोळ्यांच्या नुसत्या चिरा, ओठ नाकापर्यंत आलेले.

पुढं एकदा पोलिसानं अडवलं. लायसन बघितलं, दादाला बघितलं. "ह्यो कोण?"

"मीच हाय, साहेब."

"मला येडा समजतोस व्हय?"

"अर्धं अंडं आणा, साहेब. हितंच हून दावतो!"

पोलिसानं हसून सोडलं. आई मात्र त्या फोटोला भ्यायची. लायसन दिसलं की पालथं घालायची आणि म्हणायची, "कुठला माणूस घरात आणलाईस ह्यो?"

*

भावकीत लग्न होतं. दादाची आमटी वेगळी, बिनकुटाची. आई सकाळपासून आचाऱ्याजवळ उभी. पण वाढताना कोणीतरी दुसऱ्या पातेल्यातली पळी दादाच्या आमटीत घातली. इंजेक्शन दिलं, रिक्षा पळवली.

दवाखान्यात चादर बाजूला केली तर तिथं दादा नव्हता. लायसनवरचा माणूस होता.

मी तसाच मांडवात परत पळालो, आचाऱ्याला मारायलाच. त्याला अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं मला बघितलं आणि ताट पुढं केलं, "या पावणं, तुमचं जेवायचं ऱ्हायलंय न्हवं?"

*

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर गेलो. आईनं दादाला चालायचं तेवढंच केलेलं. भात, वांगं, भाकरी. भटजींनी पिंड मांडला. घाटावर शेजारी बसलेल्यांचा पिंड मांडताक्षणी कावळ्यांनी उचलला. आमच्याकडं एक येईना! सगळे कठड्यावर ओळीनं बसून आमच्याकडं बघत होते.

"इच्छा ऱ्हायलीया," चुलते म्हणाले. "बोल काय तरी."

मी बोललो. आईला सांभाळीन, दुकान चालवीन, बाळूशी भांडणार नाही. एक कावळा खाली आला. पिंडाभोवती फिरला आणि परत कठड्यावर जाऊन बसला. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले.

तेवढ्यात माझं लक्ष पिंडाकडं गेलं. भातात काळे ठिपके.

"तीळ घातल्यासा व्हय ह्यात?" मी ओरडलो.

"अहो, तिळाशिवाय पिंड होत नाही!"

मी ऐकलं नाही. पिंड उचलला आणि नदीच्या पात्रात फेकला. चुलते अंगावर धावून आले, भटजी उठून उभे राहिले. आईनं भाताचा डबा माझ्याकडं सरकवला. मी पायरीवर बसून साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. डब्यातल्या भाताचा गोळा केला, नव्या पानावर ठेवला. पाऊल मागं घ्यायच्या आत कावळा उतरला.

त्यानं चोच लावली नव्हती, नुसता बघत होता.

आई पुढं झाली आणि त्याला म्हणाली, "खा बिनघोर. हात धुतल्यात त्यानं."